पातं न् पातं

विक्रेतीने धाकट्याचं बटण बंद केलं आणि थोरल्याचा पडदा काळा झाला. एवढंच झालं. सकाळचे साडेदहा वाजले होते, दुकानाची फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओलसर होती, आणि तो थोरल्यासमोर हाताची घडी घालून उभा होता. थोरला आणि धाकटा ही कंपनीतली बोलायची नावं. खोक्यांवर अर्थातच वेगळी, चकचकीत नावं होती. घरच्या टीव्हीला जोडून खेळ खेळायची ही दोन यंत्रं. दोघांवर चालणारे खेळ तेच, पण थोरल्याची ताकद जास्त, म्हणून त्याचं चित्र जास्त रेखीव, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. दोघांना दुकानात शेजारी शेजारी कसं मांडायचं हे ठरवणं त्याचं काम होतं. एकाच मापाचे दोन टीव्ही, दोन्हींवर एकच खेळ : समुद्राकाठच्या रस्त्यावर धावणाऱ्या बारा गाड्या आणि कडेला वाऱ्यानं हलणारं गवत. प्रत्येक टीव्हीखाली त्याचं यंत्र, यंत्रापुढे किमतीचं कार्ड. गिऱ्हाइकाला आधी थोरला दाखवायचा, मग धाकटा. कधीही उलट नाही. ही सगळी पद्धत त्यानं चाळीस पानांच्या पुस्तिकेत लिहून ठेवली होती आणि ती सगळ्या दुकानांतल्या विक्रेत्यांकडून जवळजवळ पाठ करून घेतली जात असे. ऑफिसात त्याला पाठीमागे 'पायरी' म्हणत, कारण पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं, गिऱ्हाईक धाकट्यासाठी येतं, आपण त्याला फक्त एक पायरी वर चढवायचं.

पाचच मिनिटांपूर्वी त्यानं स्वतः एकाला ती पायरी चढवली होती. गिऱ्हाईक नळदुरुस्तीवाला होता, हातातली हत्यारांची पिशवीसुद्धा खाली न ठेवता धाकट्याची किंमत बघत उभा होता. "हे गवत बघा," त्यानं नळवाल्याला थोरल्याचा पडदा दाखवला. "पातं न् पातं सुटं दिसतंय की नाही? आता इकडे या. इथं नुसतं हिरवं." नळवाल्यानं मान तिरकी करून, पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपतंय का ते बघावं तसं दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाला, "हो की. इथं शेवाळ धरल्यासारखं वाटतंय." आणि थोरला घेऊन गेला. तो गेल्यावर विक्रेतीने फडकं काढलं, मागची धूळ पुसायला धाकटा बंद केला, आणि धाकट्याच्या डोक्यावरचा टीव्ही तसाच चालू राहून थोरल्याच्या डोक्यावरचा विझला.

"अगं बाई," ती म्हणाली. मग फळीमागे हात घालून वायर चाचपत चाचपत गेली, जणू अंधारात कुणाचा तरी पाय शोधतेय. "सर, वायरी उलट्या आहेत. याची त्याला आणि त्याची याला."

"कधीपासून?"

"इलेक्ट्रिशियननं फळी काढली होती ना मागची, तेव्हा." तिनं बोटांवर मोजलं. "अकरा दिवस झाले."

"अकरा दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"माझ्या नाही आलं. गिऱ्हाइकांच्या नाही आलं. तुम्हीसुद्धा आत्ता..." तिथं ती थांबली. या दुकानात येण्याआधी तिनं वीस वर्षं फ्रिज विकले होते, कुठं थांबायचं ते तिला कळत होतं.

"मी नीट बघितलं नसेल."

"छे हो सर, तुम्ही तर पातं न् पातं दाखवलंत."

टोमणा आहे का ते त्यानं तिच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता. किंवा चांगल्या फ्रिजच्या दारासारखा होता, लागताना आवाज न करणारा. तिनं वायरी सरळ लावल्या, दोन्ही पडदे पुन्हा उजळले, आणि तो पुन्हा हाताची घडी घालून दोघांसमोर उभा राहिला. आता डावीकडे खरोखरचा थोरला होता. गवत हलत होतं. त्यानं एक पातं निवडलं आणि त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग उजवीकडे जाऊन तेच पातं शोधलं. ते सापडलं, असं त्याला वाटलं. नळवाल्याचं नुकसान काही झालं नव्हतं, पैसे थोरल्याचे दिले होते आणि खोकंही थोरल्याचंच नेलं होतं. प्रश्न नळवाल्याचा नव्हताच.

दुकानापासून ऑफिस चालत वीस मिनिटांवर होतं आणि चार वाजता मीटिंग होती. तो रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालू लागला. उन्हाळा अजून लागायचा होता, हवा छान होती, एका घराच्या कठड्यावर गाद्या उन्हात टाकल्या होत्या आणि त्यांवर एक मांजर कंपनीच्या संचालकासारखं पसरलं होतं. एरवी असल्या सकाळी त्याला बरं वाटायचं, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की आत्ताही वाटत होतं. फक्त त्या बरं वाटण्याच्या तळाशी बुटात खडा असावा तसं काहीतरी होतं. चार वाजताच्या मीटिंगमध्ये मधल्याचा निर्णय व्हायचा होता. मधला ही त्याची कल्पना. थोरला आणि धाकटा यांच्यामध्ये आणखी एक यंत्र काढायचं. किंमत थोरल्याच्या जवळची, ताकद धाकट्याच्या जवळची. कोणी शहाणा माणूस ते घेणार नाही आणि घेऊ नये अशीच त्याची रचना होती. गिऱ्हाईक मधल्याची किंमत बघेल, मग थोरल्याची बघेल आणि स्वतःशीच म्हणेल, आता एवढे टाकायचेच तर आणखी थोडे टाकून थोरलाच का नको? मधला दुकानात फक्त उभा राहायचा होता. त्याच्याकडे बघून लोक थोरल्याकडे वळतील, आणि थोरल्याचा खप दहातल्या तिनावरून पाचावर जाईल, असं त्यानं तीन महिने खपून मांडलं होतं. प्रमुख दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांनी गेल्याच आठवड्यात, लिफ्टमध्ये दोघंच असताना, वर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत म्हटलं होतं, "मधला पास झाला की माझी खुर्ची तुझी." अकरा वर्षं तो त्यांचा उपप्रमुख होता. मधल्याचा सगळा इमला एकाच वाक्यावर उभा होता आणि ते वाक्य मीटिंगच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं : फरक लोकांना दिसतो.

त्याला नाही दिसला. पण त्याचं एक साधं कारण असू शकत होतं, आणि ते सुचताच त्याला इतकं हायसं वाटलं की तो फुटपाथवर थांबला. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. बायको दोन वर्षं डोळे तपासून घे म्हणून मागे लागली होती. डोळेच अधू झाले असतील तर सगळं जागच्या जागी राहत होतं : गवत, पुस्तिका, मधला, खुर्ची. ज्याला दिसत नाही त्याच्या साक्षीला किंमत नाही. चार वाजता गप्प बसलं तरी ते खोटं बोलणं होणार नव्हतं. त्यानं बायकोला तिच्या चष्म्याच्या दुकानात फोन केला.

"आज दुपारी डोळे तपासशील?"

"कोण बोलतंय?" बायको म्हणाली. "दोन वर्षं मी घसा फोडून सांगतेय, तर ऐकू येत नव्हतं. आज काय झालं?"

"वेळ आहे का नाही ते सांग."

"एक वाजता ये. कान तपासणारा शेजारीच बसतो, त्यालाही सांगून ठेवते."

एक वाजेपर्यंत त्यानं ऑफिसात बसून मीटिंगचे कागद चाळले. दुकानातल्या कार्डांवर छापायच्या तक्त्यात आता तीन रकाने होते. थोरल्याच्या रकान्यात आठही ओळींना बरोबरच्या खुणा, मधल्याच्या रकान्यात चार, धाकट्याच्या रकान्यात तीन आणि खाली पाच आडव्या रेघा. रेघा ही त्याचीच युक्ती. रकाना मोकळा सोडला तर माणसाच्या लक्षात येत नाही. रेघ मारली की काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. मधल्याच्या रकान्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. ना हौसेनं घ्यावा असा, ना परवडतो म्हणून घ्यावा असा. तोही तीन भावांतला मधला होता, पण कल्पना मांडताना हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर कामाच्या रगाड्यात तसंच निघून गेलं असेल. थोरला भाऊ हुशार, धाकटा गोड, आणि पाहुणे त्याच्यापाशी आले की आई म्हणायची, "आणि हा मधला," आणि पाहुणे म्हणायचे, "वा." त्याबद्दल त्याला कधी दुःख झालेलं आठवत नव्हतं. उलट थोरल्याला पाढे म्हणून दाखवावे लागत, धाकट्याला गाणं म्हणावं लागे, आणि तो तेवढ्या वेळात पाहुण्यांनी आणलेल्या बिस्किटांची सोय लावत असे. आठवत होती ती वेगळीच गोष्ट. वडिलांनी एकदा घरी खेळाचं यंत्र आणलं होतं, त्या काळातलं, पडद्यावर चौकोनी गाड्या आणि खालून खरखर. हातात धरून गाडी चालवायची यंत्रं, म्हणजे कंट्रोलर, दोनच जोडता येत आणि भाऊ तीन. थोरल्या भावानं कुठूनतरी तिसरा कंट्रोलर पैदा केला आणि त्याच्या हातात दिला. "ती पिवळी गाडी तुझी," तो म्हणाला. ती सबंध सुट्टी त्यानं पिवळी गाडी चालवली. वळणावर अंग झुकवून, दात-ओठ खात. कधी ती पहिली यायची, कधी शेवटची. त्याच्या कंट्रोलरची वायर सोफ्याच्या मागे जात होती आणि सोफ्याच्या मागेच संपत होती. पिवळी गाडी यंत्र स्वतःच चालवायचं.

बायकोचं चष्म्याचं दुकान ऑफिसच्या मागच्याच रस्त्याला होतं. पुढे चष्म्यांच्या फ्रेम्स लावलेली भिंत, मागे तपासणीची अंधारी खोली. बाहेर दोन म्हातारे आपापल्या पाळीची वाट बघत एकमेकांना मोतीबिंदूच्या गोष्टी सांगत होते. बायकोनं त्याला खुर्चीत बसवलं, हनुवटी धरून मान सरळ केली आणि नाकावर ती जड, गोल खोबण्यांची चौकट चढवली. घरी जी बाई वाटाणे सोलताना त्याच्याशी भांडायची तिचा इथला आवाज वेगळा होता, सपाट, मऊ, बाजू न घेणारा. या आवाजाचा त्याला नेहमी थोडा हेवा वाटे.

"समोर बघ. हे बरं," टक्, "की हे?"

"पहिलं."

"हे, की हे?" टक्.

"दुसरं. किंचित."

"आता? हे, की हे?" टक्.

"दुसरं. दुसरं जास्त स्वच्छ आहे."

"नक्की?"

"नक्की. अक्षरांच्या कडा सुटल्या."

बायको मागे रेलली. अंधारात तिचे दात दिसले. "काच बदललीच नाही मी. चौकटीवर नुसती टिचकी मारली."

तो म्हणाला, "हा काय चावटपणा?"

"चावटपणा नाही, कामाचा भाग आहे. सगळ्यांना एकदा मारते. एरवी लोक मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात."

"मी तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं. मला खरंच दिसलं."

"माहीत आहे मला. सगळ्यांना खरंच दिसतं. आवाज झाला म्हणजे काहीतरी बदललंच असणार, असं डोळे धरून चालतात. म्हणून तर मी घाई करत नाही. माणूस 'दोन्ही सारखंच' म्हणाला की थांबायचं. तिथं त्याचा नंबर."

आपल्या धंद्यात माणूस 'दोन्ही सारखंच' म्हणाला तर विक्रेत्याची कानउघाडणी होते, असं त्याच्या मनात आलं. पुस्तिकेत त्याच्यासाठी दीड पान होतं. आणि इथं, एका भिंतीपलीकडे म्हणता येईल इतक्या जवळ, त्याची स्वतःची बायको पंधरा वर्षं त्याच दोन शब्दांपाशी पोचायला माणसांना हळूहळू घेऊन जात होती, आणि पोचली की दिवा लावत होती. तिनं दिवा लावला. "ठणठणीत आहेत डोळे. वाचायला थोडासा नंबर लागेल, तोही आजच पाहिजे असं नाही. लांबचं एकदम उत्तम."

"टीव्ही?"

"टीव्हीवर बसलेल्या माशीच्या मिशा दिसतील तुला."

नंबर निघावा म्हणून कोणी देव पाण्यात ठेवून बसला असेल तर तो पहिलाच. बायकोनं त्याच्या नाकावरची चौकट काढली आणि त्याचा पडलेला चेहरा बघून विचारलं, काय झालं? मग त्यानं वायरींची गोष्ट सांगितली. नळवाला, शेवाळ, अकरा दिवस. ती शेवाळापाशी इतकी हसली की बाहेरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं थांबलं.

"मग सांगणार आहेस चारच्या मीटिंगमध्ये?"

"सांगितलं तर मधला जाईल. मधला गेला तर खुर्ची जाईल."

"आणि खुर्ची आली तर काय काय येईल?"

"खोली. दोन बाजूंनी खिडक्या. सहीचा अधिकार. महिन्यातून दोनदा विमान."

"हं." ती काचा पुसून एकेक खोबणीत ठेवत होती.

"तू सांग ना काहीतरी."

"मी फक्त काचा दाखवते," ती म्हणाली. "बरं कुठलं ते समोरच्यानं सांगायचं." आणि पडदा सरकवून तिनं पहिल्या म्हाताऱ्याला आत बोलावलं.

परत येताना त्याला त्या सुट्टीचा राहिलेला भाग आठवला, जो तो सहसा स्वतःलाही सांगत नसे. चौथ्याच दिवशी त्याचा चेंडू सोफ्यामागे गेला होता. तो पोटावर सरपटत आत शिरला आणि तिथं, धुळीच्या गोळ्यांत, त्याला आपल्या वायरचं टोक सापडलं. ते हातात धरून तो किती वेळ तिथं पडून राहिला होता? सोफ्याच्या खालून थोरल्या भावाचे पाय दिसत होते, एकाचा अंगठा हलत होता. ओरडायला हरकत नव्हती. भावाला मार बसला असता, वडिलांनी पाळ्या लावून दिल्या असत्या, आणि पिवळी गाडी गेली असती. त्यानं वायर पुन्हा होती तशी ठेवली, चेंडू घेऊन बाहेर आला, आणि उरलेली सुट्टी पुन्हा वळणावळणाला अंग झुकवत घालवली. ती आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी होती. हे लबाडीचं होतं की शहाणपणाचं, ते त्याला कधी ठरवता आलं नव्हतं. पण आत्ता चालता चालता त्याला एक स्पष्ट दिसलं : तेव्हा गप्प बसण्यात तो एकटाच फसत होता, आणि तेही स्वतःच्या खुशीनं. चार वाजता गप्प बसला तर सोफ्यामागची वायर हजार दुकानांत जायची होती, आणि तिथं कुणाला पोटावर सरपटता येणार नव्हतं.

मीटिंगला तिघंच होते : तो, प्रमुख, आणि विक्रीचे आकडे सांभाळणारी बाई, जिला सगळे आकडेबाई म्हणत आणि तिला ते आवडे. प्रमुखांनी सवयीनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्यानं पहिलं पान उघडलं, 'फरक लोकांना दिसतो' हे वाक्य तिघांसमोर उभं राहिलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. फक्त टिचकी वगळली, ती घरची गोष्ट होती.

"त्या दुकानाचे आकडे बघा," प्रमुख म्हणाले.

आकडेबाईनं बघितले. "अकरा दिवसांत थोरला दहात तीन. नेहमीसारखाच. उलट एक जास्तच गेलाय."

"मग अडचण काय आहे?" प्रमुखांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "चित्र उलटं होतं तरी थोरला गेला. म्हणजे कार्ड काम करतंय, मांडणी काम करतेय. तुझीच मांडणी. अरे, याच्यासारखं प्रशस्तिपत्रक नाही! मी तर म्हणतो, घाल हे पहिल्या पानावर."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण कबुलीजबाब द्यायचा, समोरच्यांचे चेहरे पडतील, मग जे व्हायचं ते होईल, इथपर्यंतच त्यानं मनाची तयारी केली होती. कबुलीजबाबाला टाळ्या पडतील याची केली नव्हती. आतापर्यंत, खुर्ची हवी तर गप्प बसायचं, असं होतं. आता सांगून टाकलंय आणि तरीही खुर्ची मिळतेय, वर मनही साफ. त्यानं टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून नऊ मिनिटं. सेकंदाचा काटा टक् टक् करत होता आणि प्रत्येक टक्‌ला आपल्याला काहीतरी अधिक स्वच्छ दिसल्यासारखं वाटतंय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला हसू आलं.

"मधला नको," तो म्हणाला.

"काय?"

"मधला काढू नये असं माझं मत आहे. कोणी घेऊ नये म्हणून बनवायचं, असं काही बनवू नये. कोणीतरी घेईलच ना. हजारात पाच जण घेतील, कौतुकानं घरी नेतील."

"पाच नाही, चाळीस," आकडेबाई म्हणाली. "तुमच्याच कागदांत आहे, खाली, बारीक अक्षरात."

"चाळीस. त्या चाळीस घरांत आपण काय सांगून तो दिलेला असेल?"

प्रमुखांनी चष्मा काढला. "हे बघ, तीन महिने तू माझं डोकं खाल्लंस या मधल्यासाठी. पोरगं तुझं. आणि आता बारशाच्या वेळी तू म्हणतोस, नको?" ते चिडले नव्हते, वीस वर्षं ओळखीचा माणूस अनोळखी जिन्यानं खाली उतरताना बघावं तसे बघत होते. "खुर्चीचं काय बोललो होतो, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"आणि?"

"ही छान चालवतील," त्यानं आकडेबाईकडे बघितलं. ती लाजली नाही, नाहीही म्हणाली नाही. फक्त पेनाचं टोपण लावलं. अकरा वर्षांत त्यानं तिला एकदाही टोपण लावताना बघितलं नव्हतं. त्याच्या छातीत बारीकशी कळ उठली, खिडक्यांची, दोन बाजूंच्या. त्या कळेचं काय म्हणणं आहे ते ऐकायला तो थांबला, तोवर ती ओसरली.

मग बराच वेळ कामाचंच बोलणं झालं. मधला बारगळला, आणि खरं कारण कोणाचं मन पालटलं हे नव्हतं. आकडेबाईनं सहज दाखवून दिलं की तिसऱ्या यंत्रासाठी कारखान्यात वेगळी रांग उभी करायचा खर्च पहिल्या वर्षी काही केल्या निघत नाही. हे तिला महिन्यापूर्वीच दिसलं होतं. "मग बोलला का नाहीत?" प्रमुखांनी विचारलं. "कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. उठता उठता त्यानं एकच गोष्ट मागून घेतली. धाकट्याच्या कार्डावरच्या पाच रेघा काढायच्या आणि तिथं एक ओळ घालायची : सगळे खेळ यावरही चालतात. प्रमुख म्हणाले, "यानं थोरल्याचा खप पडला तर?" आकडेबाई म्हणाली, "आधी दहा दुकानांत लावून बघू," आणि ते तसं ठरलं. पाच वाजता तो आपल्या जुन्या टेबलापाशी आला. खिडकी एकच होती, पण ऊन या वेळी बरोबर त्याच खिडकीतून येई आणि चहाच्या कपावर पडे, हे त्याला अकरा वर्षं माहीत होतं.

घरी पोचला तेव्हा सहा वाजले होते आणि आई खेळायला बसली होती. सात वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे राहायला आली, त्याच सुमाराला कारखान्यातून नमुन्याचा एक धाकटा त्यानं घरी आणला होता, एका बाजूनं ओरखडा गेलेला. आई रोज सहा ते सात गाडी चालवते. तोच खेळ, तोच समुद्र. शर्यतीच्या गाड्या सुसाट निघून जातात आणि आई तिच्या गाडीतून सावकाश, रस्त्याच्या डाव्या कडेनं, वळण आलं की वेग कमी करत जाते. तिच्यासाठी थोरला आणायचं तो कितीदा तरी ठरवत असे. तिनं मात्र यात काय कमी आहे असं एकदाही विचारलं नव्हतं. तो बूट काढून तिच्या शेजारी सोफ्यावर टेकला. पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येत होतं : बारापैकी बारावी.

"आई, सगळे पुढे गेले."

"जाऊ देत. बघ तरी, रस्ता कसा मोकळा आहे. कोणी आडवं येत नाही, कोणी हॉर्न वाजवत नाही." मग तिनं मान न वळवता विचारलं, "आज काय होतं ना तुझं ऑफिसात? वर चढवणार होते म्हणे."

"नाही चढवलं. म्हणजे, मीच नको म्हटलं."

आईची गाडी एका लांब वळणावर होती. तिनं वळण पूर्ण केलं. "जेवायला वेळेवर येशील मग," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "नुसती चुळबुळ नको करूस शेजारी बसून, तो दुसरा घे हातात." उशीजवळ दुसरा कंट्रोलर पडला होता. त्यानं उचलला. त्याचा दिवा लागलेला नव्हता, कित्येक दिवसांत कोणी चार्जच केला नव्हता.

"हा बंद आहे, आई."

"मग काय झालं? हातात काहीतरी असलं की तू छान बसतोस. लहानपणी नाही का, वायर सोफ्यामागं पडलेली आणि तू तासन् तास बसायचास."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"झाडू कोण मारत होतं त्या सोफ्यामागं? उचलायची, पुसायची आणि होती तशी ठेवायची. एकदा वाटलं सांगावं तुला. मग बघितलं, धुळीत कोपरांचे दोन ठसे होते. म्हटलं, हा येऊन गेलाय इथं." तिनं पुढच्या वळणासाठी वेग कमी केला. "बघ आता, समुद्र येईल."

समुद्र आला. रस्त्याच्या कडेला गवत वाऱ्यानं हलत होतं, हिरवं, नुसतं हिरवं, आणि त्यानं त्यातलं एकही पातं निवडलं नाही. बायको दारातून आत आली, दिवा लावू का म्हणाली, दोघंही एकदमच नको म्हणाले. आईनं गाडी डावीकडे घेतली, आणि तो हातातल्या बंद कंट्रोलरचं बटण दाबून, अंग थोडं झुकवून, तिच्याबरोबर वळला.